जांभळीखालचं खाचर

आमच्याकडं बैल नव्हते. वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी असलेल्या आमच्या वाडीत एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला पुढचं सगळं कळायचं. बैल नाहीत म्हणजे चिखलणी दुसऱ्याच्या औतानं. दुसऱ्याचं औत म्हणजे आधी त्याची आवणी, म्हणजे भाताची लावणी, मग त्याच्या भावकीची, मग त्यानं ज्याला शब्द दिला असेल त्याची, आणि सगळ्यांचं उरकलं की आमची. औत मिळावं म्हणून आई आणि आबा आधी त्याच्या चिखलात वाकायचे. तोवर आमचा तरवा वाट बघत उभा. भाताचं रोप तीन-चार आठवड्यांचं झालं की उपटून लावावं लागतं. त्याहून जास्त थांबलं की ते पिवळं पडतं, कांड्या धरतं, आणि मग कितीही मऊ चिखलात लावा, त्याला फुटवे येत नाहीत. आई रोज संध्याकाळी रोपाच्या राबाच्या कडेला उभी राहून तरव्याकडं बघायची. घरातल्या आजाऱ्याकडं बघावं तसं. "म्हातारा झाला," म्हणायची आणि चुलीकडं वळायची.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या हाताला आहे. चिखल नखांत इतका खोल जायचा की शाळेत वहीवर हात ठेवायची लाज वाटायची. पायाच्या बोटांत चिखल्या व्हायच्या, आई त्यावर हळद-तेल चोळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उतरवायची. पाठीवर प्लास्टिकची खोळ, तिच्यावर पावसाचा आवाज, आणि पुढं-मागं दोन्हीकडं बायका. कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा एसटीत कसा झोपतो, सगळं त्या ओळीत कळायचं. आमची खाचरं शेवटची लागायची म्हणून आमच्या चिखलात गप्पाही उरलेल्याच यायच्या, असं मला तेव्हा वाटायचं.

अकरावीला मी भोरला गेले. अर्ज भरताना कारकुनानं विचारलं, घर नंबर? म्हटलं, नाही. गल्ली? नाही. मग पत्र कसं येतं? मी म्हटलं, पोस्टमनला माहीत आहे. मागं उभ्या असलेल्या भोरातल्या मुली हसल्या. त्यांचे वडील कचेरीत होते, त्यांच्या पत्त्याला चार ओळी लागायच्या. माझी एकच ओळ. पण त्या एका ओळीवर माझा निकाल आला, पुण्याच्या इंजिनियरिंगचं पत्र आलं, आणि आमच्या घरातली पहिली पदवीसुद्धा त्याच ओळीवर आली. हे मी लपवत नाही आणि फार कौतुकानंही सांगत नाही. झालं ते असं झालं.

आमच्याकडं पत्ता म्हणजे तोंडातलं नाव. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, तो तलाठ्याला लागतो. आम्हाला लागतं ते जांभळीखालचं, टाक्याचं, वरलं, वाकडं. आता कागदावर तालुक्याचंही नाव बदललंय, पण आबा वेल्हेच म्हणतात, आणि वेल्हे म्हटल्यावर एसटी बरोबर तिथंच जाते.

यंदाची आवणी आली. मी पुण्यात ऑफिसच्या सातव्या मजल्यावर, काचेच्या आत. आबांनी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. त्यात अर्धा वेळ त्यांचं बोट दिसतं, आणि मागं पॉवर टिलरचा आवाज. मग दिनकरचा ओरडून विचारलेला प्रश्न, आणि आबांचं ओरडून दिलेलं उत्तर. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, भांडण चाललंय का? मी म्हटलं, नाही, काम चाललंय. तिला पुढचं सांगत बसले नाही. सांगायचं तर चार वर्षांपूर्वीच्या आवणीपासून सांगावं लागलं असतं.

दिनकर भोंगवलीचा. तिकडं भाताचं एवढं नाही, म्हणून आवणीच्या दिवसांत तो टिलर टेम्पोत घालून सारोळ्यावरून, नसरापुरावरून आमच्या बाजूला येतो आणि महिनाभर वाड्या-वाड्या करत फिरतो. तो पहिल्यांदा आला त्या वर्षी आमचा तरवा पहिल्यांदाच वेळेवर लागला. आई त्याच्यापुढं चालायची आणि एकेक बांध दाखवायची. हे आमचं. हे दिराचं, ह्यात जायचं न्हाई. जांभळीखालच्या खाचरात वरच्या कोपऱ्यात आमचा राब असायचा. राब म्हणजे जमीन भाजून जिथं रोपासाठी बी पेरतात ती जागा. तो कोपरा सोडायचा, खाली फिरवायचं. दुसऱ्या वर्षी त्यानं दोनदाच विचारलं. तिसऱ्या वर्षी विचारलंच नाही. सकाळी आम्ही चहा पिईस्तोवर अर्धं खाचर उरकलेलं असायचं. आई सगळ्यांना सांगायची, आता आमचा दिनकर डोळं झाकून बी बराबर जातो.

माझं काम नेमकं याच गोष्टीचं होतं, हे तेव्हा मला दिसत नव्हतं.

संगणकाच्या मुळाशी कर्नल नावाचा एक प्रोग्रॅम असतो. बाकीचे प्रोग्रॅम मेमरीत जागा मागायला त्याच्याकडं येतात. तो जागा देतो, काढून घेतो, एकाच्या जागेत दुसऱ्याला पाय ठेवू देत नाही. तलाठीच म्हणा, फक्त घडीघडीला फेरफार करणारा. प्रोग्रॅमला जो पत्ता माहीत असतो तो खऱ्या जागेचा नसतो, ते तोंडातलं नाव असतं. कुठलं नाव कुठल्या जागेचं, ते कर्नलच्या वहीत. आणि आता संगणकात बाहेरून आलेली यंत्रं असतात, त्यांना ॲक्सिलरेटर म्हणतात. एकच काम, पण झपाट्यानं. कुणी माहिती आवळून लहान करतं, कुणी ती कुलूपबंद करतं. अडचण अशी, की त्या यंत्राला प्रोग्रॅमची नावं कळायची नाहीत. म्हणून आधी सगळी माहिती उचलून यंत्राच्या जागेत न्यायची, काम झालं की परत आणायची. खाचर उचलून टिलरपाशी नेण्यासारखं. आम्ही करत होतो ती सोय अशी, की यंत्रानंही कर्नलची तीच वही वाचावी. प्रोग्रॅमनं नाव सांगावं आणि यंत्रानं सरळ तिथंच जावं. त्यासाठी कर्नलमध्ये दोन दारं करायची होती. एक यंत्र जोडायचं, एक सोडायचं. दिसायला एवढंच. माझी दोन वर्षं त्यात गेली होती.

कर्नलमध्ये काही घालायचं तर ते सगळ्या जगापुढं मांडावं लागतं. त्या त्या भागाची राखण करणारी माणसं ते वाचतात, चुका काढतात, परत पाठवतात. माझ्या दोन खेपा परत आल्या होत्या. दुसऱ्या खेपेला एका परदेशी बाईंनी एकच प्रश्न लिहिला होता. सोडायचा निरोप तुम्ही यंत्राला देता, पण यंत्रानं खरंच हात काढून घेतला हे तुम्हाला कसं कळतं? मला राग आला होता. निरोप देतो की, मग आणखी काय? आमच्या वरिष्ठांनी सरळ सांगितलं, तिसऱ्या खेपेलाही नाही झालं तर हे आपण आपल्या कंपनीच्या यंत्रापुरतं ठेवू. म्हणजे माझी दोन वर्षं एका कपाटात. मला ते नको होतं. एकाच घरच्या दावणीला बांधलेलं औत कसं असतं, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या आवणीला, दिनकरच्या चौथ्या वर्षी, घरून काम करायची मुभा होती, म्हणून तिसरी खेप लिहायला मी वाडीतच गेले. रेंज फक्त खिंडीत, एसटीच्या थांब्याच्या पत्र्याखाली. सकाळी लॅपटॉप पोत्यात गुंडाळून वर जायचं, पावसाचा जोर वाढला की खाली यायचं. तिथून खाली सगळी खाचरं दिसायची, एकाखाली एक, पाणी भरलेली, आणि धुकं आलं की नाहीशी होणारी.

चैत्रातच आबांनी आणि माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, खाचरांची अदलाबदल केली होती. जांभळीखालचं तात्यांच्या दारापाशी, त्यांचं टाक्याचं आमच्या दारापाशी. दोघांचीही चाल वाचली. भांडण नाही, मोजणी नाही, दोघं बांधावर बसून तंबाखू खाताना ठरलं. तात्यांनी नुकतेच स्वतःचे बैल घेतले होते, त्यांना टिलर लागत नव्हता. पाऊस तोंडावर आला तसा आबांनी भोंगवलीला फोन करून तसं कळवलं आणि तात्यांना म्हणाले, कळवलंय. काकीनं मग जांभळीखालच्या खाचरात राब केला. वरच्या कोपऱ्यात नाही, खाली, घराच्या बाजूला, पाणी घालायला सोपं म्हणून. घरचं जपलेलं आंबेमोहराचं बी पेरलं. दोन दिवस झोडपून पाऊस झाला, राबाची राख वाहून गेली. वरून बघणाऱ्याला सगळं खाचर एकसारखं तांबडं.

पेरल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी मी खिंडीत बसले होते. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण खालून टिलरचा आवाज आला. पहिल्या नांगरटीला दिनकर आला म्हणायचा, टाक्याच्या खाचरात असेल, असं धरून मी लिहीत राहिले. तासाभरानं आवाज मध्येच थांबला. काम संपल्यावर टिलर बंद होतो तो हळूहळू बंद होतो. हा एकदम थांबला. मी खाली उतरले.

काकी बांधावर उभी होती. दिनकर टिलरच्या दांडीवर हात ठेवून तिला समजावत होता.

"वरचा कोपरा सोडलाय की, काकू. बगा तर. कडंचं ढेकूळ बी हाललं न्हाई."

खरंच हललं नव्हतं. ज्या कोपऱ्यात काहीच पेरलेलं नव्हतं तो त्यानं फुलासारखा जपला होता, आणि जिथं बी होतं तिथं सरळ, सुंदर, समान तास काढले होते. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या ध्यानातली गोष्ट तीन वर्षं बरोबर होती.

आबा आले. म्हणाले, म्या फोन केलाता. दिनकर म्हणाला, मला न्हाई आला. मग उलगडलं. फोन त्याच्या बायकोनं घेतला होता. तो आला की सांगते, म्हणाली होती. तेव्हा तो वरवे गावातल्या एका मळ्यात कामाला होता, तिथूनच परस्पर आमच्या बाजूला आला, आणि डोंगरात त्याला रेंज नाही. आबांनी मात्र फोन ठेवला तेव्हाच काम झालं असं धरलं होतं.

काकी तेव्हा बोलली. आवाज न चढवता.

"भावजी, तुमी सांगून मोकळं झालं. म्या पेरून मोकळी झाले. ह्यो नांगरून मोकळा झाला."

उघडीप बघून पुन्हा राब भाजून पेरायचं म्हणजे पंधरवड्याचा उशीर, आणि उरलेलं बी ओंजळभर. उशिराचा तरवा काय देतो, हे आमच्या घराला कुणी शिकवायला नको होतं. आमचा राब टाक्याच्या खाचराच्या कडेला सुखरूप होता. आई म्हणाली, आपला तरवा दोन घरांत पुरवू. आबा म्हणाले, पुरंल? आई म्हणाली, चार-चार काड्यांच्या जागी दोन-दोन लावू, न पुरून जातोय कुठं.

काकीनं नको म्हटलं. तीन आठवडे ती आमच्या दारावरून गेली तरी मान वळवायची नाही. पाणवठ्यावर आई आली की हिची कळशी आधीच भरलेली. तात्या आबांशी बोलायचे, पण पावसाबद्दल. मी खिंडीत जायचे, यायचे. तिसरी खेप जवळजवळ दुसरीसारखीच होत होती. शब्द बदलत होते, त्या बाईंच्या प्रश्नाला बगल देत होते.

आवणीच्या दिवशी आम्ही तरवा उपटायला बसलो. थोड्या वेळानं कुणीतरी शेजारी येऊन बसलं आणि उपटू लागलं. काकी. आईनं बघितलं नाही, नुसती थोडी सरकली आणि बांधायच्या गवताची जुडी दोघींच्या मध्ये ठेवली. दहा-बारा मुठी बांधून झाल्यावर काकीनं तोंड उघडलं, ते माझ्याकडं.

"तू त्या खिंडीत बसून करतीस तरी काय गं रोज?"

मी सांगितलं. मेमरी, यंत्र, पत्ता, सगळं टिलरच्या भाषेत. खाचर उचलून टिलरपाशी न्यायचं म्हटल्यावर आई म्हणाली, मग चिखल काय डोक्यावरून न्यायचा व्हय? काकी पहिल्यांदा हसली.

"एवढी शिकलीस, एवढी इंजिनेर झालीस, आन काम काय, तर बांध दावायचं."

मी म्हटलं, व्हय, बांध दावायचंच. तिनं मूठ पाण्यात आपटून मुळ्यांचा चिखल झाडला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आन तुजं यंत्र दुसऱ्याच्या खाचरात शिरलं तर?"

मी म्हणणार होते, आम्ही त्याला निरोप देतो. पण हे तिच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात दिनकर आला. टिलर खाचरात न घालता बांधावरच उभा राहिला आणि मोठ्यानं ओरडला. "जांभळीखालचं तात्यांचं. तिथलं माजं काम संपलं, तिथं म्या जानार न्हाई. टाक्याचं आबांचं. घालू?" आबा पलीकडून ओरडले, "घाल." तेव्हा चाक पाण्यात गेलं. ही नवी रीत आबांनी घातली होती. टिलरवाल्यानं आधी जुनं सुटलं असं आपल्या तोंडानं म्हणायचं, मग नवं विचारायचं. बायका हसत होत्या, लग्नात नवरदेवाला नाव घ्यायला लावल्यासारखं चाललंय म्हणत होत्या. आबा हसले नाहीत. माझ्याजवळून जाताना, मला नाही, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"आपन सांगितलं म्हंजी झालं न्हाई. त्यानं म्हनलं म्हंजी झालं. तवर दुसऱ्यानं पेरू नये."

हातात तरव्याची मूठ तशीच राहिली. यंत्र वेगवान असतं ते ध्यानात ठेवतं म्हणून. दर वेळी कर्नलची वही बघत बसलं तर कसला वेग? नुकतेच वापरलेले पत्ते ते आपल्यापाशी ठेवतं. जोवर वही बदलत नाही तोवर त्यातच त्याचा मोठेपणा. पण जागा काढून घेतली, दुसऱ्या प्रोग्रॅमला दिली, आणि यंत्र जुन्या ध्यानावर तिथं लिहीत राहिलं, तर ते दुसऱ्याचं पेरलेलं उलथणार. तेही अगदी सरळ तासांनी, कुणाला चूक दिसणार नाही अशा तऱ्हेनं. माझ्या दुसऱ्या खेपेत नेमकं हेच होतं. मी निरोप द्यायचे आणि मोकळी व्हायचे.

आवणी झाली तसं मी पुन्हा खिंडीत गेले आणि सोडायचं दार पहिल्यापासून लिहिलं. आधी यंत्राला नवं काम देणं बंद. मग हातातलं काम त्याला पुरं करू द्यायचं. मग ध्यानातले पत्ते पुसायला सांगून ते स्वतः 'संपलं' म्हणेपर्यंत थांबायचं. तोवर ती जागा कुणालाही द्यायची नाही. ऑफिसातून कुरकुर आली की ह्या थांबण्यात वेळ जातो. मी लिहिलं, जाऊ दे. आमचे वरिष्ठ म्हणाले, तुला खात्री आहे? मी म्हटलं, मी बघितलंय. काय बघितलंय ते त्यांनी विचारलं नाही.

खेप पाठवल्यावर उत्तर यायला बरेच दिवस गेले. तोवर दोन्ही घरांची लावणी पालवली. जांभळीखालच्या खाचरात आधी नुसतं पाणीच दिसायचं, इतकी रोपं विरळ. काकी बांधावरून आईला म्हणायची, तुज्या दोन काड्या बग, कशा पोरक्या दिसत्यात. श्रावणात त्याच दोन काड्यांना फुटवे येऊन पाणी दिसेनासं झालं. तरवा वेळेवर लागला होता, बाकी काही लागत नाही. मी पुण्याला परतले तेव्हा काकीनं डब्यात वरईचा भात दिला. तिचं स्वतःचं आंबेमोहराचं बी त्या वर्षी मोडलं. पुढच्या वर्षी माहेराहून आणलं. ते तिच्या मनातून गेलं असं मी म्हणणार नाही. अजूनही राब पेरायच्या आधी ती आबांना विचारते, त्यो म्हनला का? आणि आबा म्हणतात, म्हनला.

यंदाच्या व्हिडिओत ऐकू येतं ते हेच. दिनकर अजून ओरडून विचारतो, आबा अजून ओरडून सांगतात. आता आमच्यापाठोपाठ सगळी वाडीच तसं करते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ते भांडण वाटलं, यात तिचा दोष नाही. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि शुक्रवारची रजा टाकली.

तिसरी खेप स्वीकारली गेली. तो भाग आता मुख्य कर्नलमध्ये आहे, कुणाच्याही यंत्राला वापरता येतो, आणि लिहिणारीच्या जागी माझं नाव आहे.